बाळाजीचा भुऱ्या

दुपारी दोन वाजता सयाजी कंपनीच्या गेटवर ड्युटीला आला आणि सायकल लावता लावताच त्याने विचारलं, "ते लुतीचं कुत्रं आलं होतं का?"

"आलं हुतं. हाणला दगड," बाळाजी म्हणाला.

"बरं केलं. मी पण काल काठीच दाखवली."

बाळाजीने मान डोलावली आणि डबा उचलला. दगड कसला हाणतोय! सकाळीच त्याने भुऱ्याला दूध-चपाती कुस्करून घातली होती. पण हे बोलायची सोय नव्हती. सिक्युरिटीच्या साहेबाने तिन्ही शिफ्टच्या वॉचमनना उभं करून बजावलं होतं की, बाहेरून पाहुणे येतात, गेटवर हे केस झडलेलं कुत्रं दिसता कामा नये. त्याला खाऊ घालताना जो दिसेल, त्याने त्याच दिवशी घरी जायचं. तेव्हापासून गेटवर जो तो त्या कुत्र्याच्या नावाने खडे फोडत होता.

बाळाजी निघोज्याचा. बायको कुशाबाई गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्याने ही नोकरी धरली. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता, आणि ते काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हतं. म्हणून जनरेटरच्या खोलीमागे हे उघडंबोडकं, खाजवून रक्ताळलेलं जनावर कुडकुडताना दिसलं, तेव्हा त्याला पुढे जाववेना. या खेपेला उशीर करायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पुतण्याच्या टेम्पोतून त्याने भुऱ्याला चाकणला जनावरांच्या डॉक्टर दीक्षा मॅडमकडे नेलं. त्यांनी कातडी खरवडून तपासली आणि हिरव्या पट्ट्याचं गोळ्यांचं पाकीट दिलं. लुतीवर सगळीकडे हीच गोळी देतात, म्हणाल्या, संपली तर कुठल्याही मेडिकलमधून घ्या.

"पण आठवड्याला एकच," त्यांनी बजावलं. "लवकर बरं व्हावं म्हणून जास्त द्याल, तर ती डोक्यात चढते आणि जनावर दगावतं."

बाळाजीने पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि सोमवार धरला. एकही सोमवार चुकवला नाही आणि मध्ये कधी पाकिटाला हात लावला नाही.

गुण आला. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, पण महिन्याच्या आतच भुऱ्याच्या पाठीवर तांबूस लव धरली. ती पाहून म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढंच की, सकाळी भुऱ्याचं अंग तेलकट लागायचं. जनरेटरखालच्या ऑइलात लोळत असेल, म्हणून बाळाजी त्याला दटावायचा. दूध-चपातीलाही तो नुसतं नाक लावून बाजूला व्हायचा. आजारातून उठलेलं जनावर, भूक सावकाशच येणार.

"माझ्याबिगर तुला कोण हाय रं?" असं म्हणत तो घास त्याच्या तोंडाशी धरायचा. मग भुऱ्या त्याचं मन राखायला खायचा.

एका दुपारी ड्युटी संपता संपता भुऱ्या झोकांड्या खायला लागला. भिंत दिसत नसल्यासारखा भिंतीवर आपटला. तोंडातून लाळ गळत होती. बाळाजी हादरला. त्याला उचलून न्यावं म्हणून तो वाकला, तेवढ्यात सयाजीची सायकल गेटमध्ये शिरली.

बाळाजी झटकन सरळ झाला. सयाजीने कुत्र्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मरतंय वाटतं," तो म्हणाला. "मरू दे." पण त्याला बाळाजीच्या नजरेला नजर देता आली नाही.

यानेच काहीतरी खायला घातलं, बाळाजीच्या मनात आलं. पण त्याच्यादेखत कुत्रं उचलायची हिंमत झाली नाही. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर? घरी जाऊन त्याने पुतण्याला फोन केला आणि दिवस उगवायच्या आत टेम्पो हवा म्हणून त्याच्या हातापाया पडला.

सकाळी टेम्पो गेटबाहेर थांबवून तो धावतच जनरेटरच्या खोलीमागे गेला. रात्रपाळीचा गणराज, काळेवाडीला राहणारा पोरगेला वॉचमन, कुदळीने खड्डा खणत होता. सयाजीही उभा होता, ड्युटी दुपारची असून. दोघांच्या मध्ये पोत्यावर भुऱ्या पडला होता. तांबूस लव वाऱ्याने हलत होती.

बाळाजीला रडू फुटलं. आता नोकरी गेली तरी त्याला फिकीर नव्हती.

"दोघांनी मिळून इख घातलं न्हवं? मुक्या जिवाला?" तो म्हणाला. "तुमचं काय खाल्लं हुतं त्यानं?"

गणराजच्या हातातली कुदळ खाली पडली.

"विष कशाला घालू, काका? रोज पहाटे मी त्याला करंजाचं तेल चोळायचो. बरा होत आला होता माझा शेरू." त्याने जर्किनच्या खिशातून हिरव्या पट्ट्याचं पाकीट काढलं. "ही गोळीसुद्धा दर आठवड्याला न चुकता दिली."

सयाजीने ते पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि आपल्या पिशवीतलं तसलंच पाकीट काढून त्याच्यासोबत पोत्यावर ठेवलं.

बाळाजीने शर्टाचा वरचा खिसा मुठीत घट्ट आवळून धरला.