चढाई

क्रीडा कोट्यातून प्रवेश मागायला जुईली कॉलेजात मुलाखतीला आली होती. अर्जात तिने “कबड्डीत पटाईत” एवढंच लिहिलं होतं.

“प्रमाणपत्र?” जुने कबड्डीपटू असलेल्या मावळे सरांनी विचारलं.

“गावच्या सामन्यांत नुसती ढाल देतात, सर. ती देवळात ठेवलीय.”

“मग मानायचं कसं?”

जुईलीचा चेहरा पडला. मग तिने ओढणी कमरेला खोचली आणि “कबड्डी, कबड्डी” करत थेट टेबलामागे बसलेल्या तिघांवर चढाई केली. क्लार्कला शिवली, प्राचार्यबाईंना शिवली आणि माघारी वळली. तेवढ्यात मावळे सरांना राहवलं नाही. सूर मारून त्यांनी तिचा घोटा पकडला. दम न सोडता जुईलीने त्यांना फरफटत नेलं आणि दाराच्या उंबरठ्याला हात टेकवला.

प्राचार्यबाईंनी चष्मा सारखा केला. “सर, आपण तिघंही बाद. हिला आत घ्या.”