पोर्च घराणं

बोस्टनचा व्यापारी जोनास पोर्च लहानपणी लंडनहून एकटाच जहाजाने आला होता. आता मुलीची सोयरीक ठरत होती आणि होणारे व्याही घराणं विचारत होते. “पोर्च तर दिसतोय, पण मागे घर आहे ना?” ते हसले. भाऊबंद शोधायला लंडनला पाठवलेला कप्तान तेवढ्यात आत आला. “सगळ्यांसमोर सांग,” जोनास म्हणाला. “तिथल्या चर्चमागे पोर्च आडनावाच्या कबरींच्या रांगाच आहेत, मालक.” “ऐकलंत? केवढं घराणं!” जोनास व्याह्यांकडे वळला. कप्तानाने मान खाली घातली. “सगळ्या तान्ह्या पोरांच्या. चर्चच्या पोर्चमध्ये कुणी मूल टाकून गेलं, की त्याला तेच आडनाव देतात.” व्याही टोपी उचलून चालते झाले. दाराआड मुलगी रडू लागली. जोनासचं तिकडे लक्षच नव्हतं. “त्यांतलं एखादं जगलं का रे?” “कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्याला एकही जगलेलं आठवत नाही, मालक.”