तेहतिसावं घर

फलकावर नाव झळकलं आणि अलेक्झांड्रियातल्या त्या दवाखान्यातली कुजबुज एकदम थांबली. ‘बय्यूमी अब्दुलमक्सूद ईद अब्दुलजव्वाद’ आणि त्याला चिकटूनच पुढे, ‘लिहितावाचता येत नाही, अंगठा घ्यावा’. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे सरकत थेट फलकाच्या कडेला टेकली होती.

टेबलामागे बसलेली नशवा पटकन उठून उभी राहिली. फलकामागचा सगळा प्रोग्रॅम तिचा. नावासाठी तिने मोजून बत्तीस घरं ठेवली होती, अक्षराला एक, मोकळ्या जागेला एक. पण नाव संपलं हे यंत्राला कळायला शेवटी एक खूण लागते, आणि त्या खुणेलाही घर लागतं. ते ठेवायचं ती विसरली होती. इतरांची नावं आखूड, म्हणून आजवर निभावलं. बय्यूमीकाकांनी पणजोबांपर्यंतची नावं हट्टाने घालायला लावली, बत्तीसच्या बत्तीस घरं भरली, आणि यंत्र न थांबता लगतच्या घरांत साठवलेला शेराही वाचत सुटलं.

शेरा तिनेच लिहिलेला. नोंदणीच्या दिवशी काका तिच्या कानाशी वाकून म्हणाले होते, “फक्त तुला सांगतोय हं पोरी. घरात कुणाला ठाऊक नाही.”

आता ते समोरच्या बाकावर बसले होते, काखेत रोजचं वर्तमानपत्र, शेजारी सून. सगळे आपल्याकडेच बघतायत हे पाहून त्यांना कोण आनंद झाला होता.

“काय गं, एवढं लांबलचक नाव पेललं की तुझ्या पाटीला! वाच बघू जरा मोठ्याने. माझा मेला चष्मा घरी राहिलाय.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. सुनेने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

नशवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला जागा नव्हती. तिने घसा खाकरला.

“बय्यूमी... अब्दुलमक्सूद... ईद... अब्दुलजव्वाद.”

काका खुशीत मान डोलवत होते. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती वर बघेना. त्यांनी फलकाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, त्या उजेडाच्या ओळीवरून नजर हळूहळू नेत.

“थांबलीस का पोरी?” ते अगदी हळू म्हणाले. “ओळ तर अजून पुढे आहे.”