एकशे सत्तावीस चुका

अंबडच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर बसला, त्याच दिवशी वाल्मीककाकांनी राजीनामा लिहून खिशात घातला. रोज हजेरीचा प्रोग्राम चालवायचा आणि शेवटी पडद्यावर येणारा आकडा वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. शून्य म्हणजे सगळं ठीक. बारा वर्षांत कधीमधी एक आला असेल, तेवढंच. आणि आज थेट एकशे सत्तावीस! रिटायर व्हायला सहा महिने उरलेले, अन् एका दिवसात एवढ्या चुका?

मशीन बसवायला आलेल्या उज्वलाला वही बघून हसूच फुटलं.

"काका, हा चुकांचा आकडा नाही. एक प्रोग्राम नव्या मशीनवर टाकायचा आमच्याकडूनच राहिला. युनिक्सचा हा नवा शेल, म्हणजे आपले हुकूम घेऊन प्रोग्राम चालवणारा भाग, 'प्रोग्राम सापडला नाही' म्हणायला एकशे सत्तावीस दाखवतो. जुन्यात काहीही बिनसलं तरी एकच यायचा."

तिनं तो प्रोग्राम टाकला. काकांनी पुन्हा चालवून पाहिलं. शून्य!

"म्हणजे मी केवढाही घोळ घातला, तरी जुन्यात एकच?"

"एकच."

काकांनी खिशातून राजीनामा काढला आणि त्याच कागदानं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची धूळ पुसली.

"बारा वर्षं लय सांभाळून घेतलंस रे बाबा."