चौथी रेकॉर्ड

आईला जाऊन महिना झाला होता. तिच्या संगीतमंडळात मी तिच्या जागी गेले, त्या दिवशी पाण्यावर बेतलेल्या एकाच फ्रेंच पियानोरचनेच्या चार वेगवेगळ्या वादकांच्या रेकॉर्डची तुलना होती. सर्वांत कमी गुणांची रेकॉर्ड मंडळाच्या कपाटातून बाद होणार होती. प्रत्येक रेकॉर्ड दोनच मिनिटं ऐकायची, हा त्यांचा शिरस्ता. चौथी आईची आवडती, फारच संथ. “पाणी वाहतंय की तुंबलंय?” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. चिटणीसकाका सुई उचलायला वाकले, तशी मी प्लेअरवर हात आडवा धरला. “पूर्ण ऐका, असं आई वीस वर्षं सांगत होती.” “अगं, चहा गार होईल.” “होऊ दे. बसा, काका.” ते बसले. शेवटाकडे वादकाच्या डाव्या हाताचे खालचे सूर थांबले आणि उजव्याचे एकटेच वाजत राहिले. रेकॉर्ड संपल्यावरच काकांनी सुई उचलली. मग गुणांची वही उघडली. “पहिले आईचे लिहा,” मी म्हणाले. “दहापैकी दहा.”