रस्त्यालगतचं झाड

समितीच्या गाड्या आलापल्लीहून एटापल्लीकडे जाताना थांबल्या त्या नेमक्या अन्नपूर्णाच्या मोहाखाली. दुसरीकडे कुठं थांबणार? गावात रस्त्याला लागून तेवढं एकच मोहाचं झाड, आणि वन महामंडळाच्या लोकेश साहेबानं दोन दिवस खपून तेच सजवलेलं.

झाडाखाली हिरव्या जाळ्या ताणून बांधल्या होत्या. पहाटे गळलेली फुलं त्यांवर टपोरी पडून होती, ना माती ना पाचोळा. अन्नपूर्णा नवी साडी नेसून, केसांना तेल चोपडून जाळीशेजारी उभी होती. आणि तिची मोठी जाऊ गिरजाबाई बायांच्या घोळक्यात मागं उभी राहून जळत होती. जावाजावा आणि उभा दावा, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

भाऊ वेगळे झाले तेव्हा मोहाची झाडंही वाटली गेली होती. गिरजाबाईनं मोठेपणाच्या मानानं आतल्या जंगलातलं डेरेदार झाड मागून घेतलं आणि हे खुजं झाड धाकटीच्या गळ्यात मारलं. मग रस्ता झाला, तो नेमका खुज्या झाडाला चाटून गेला. त्यात परवा लोकेश गिरजाबाईची जाळी सोडून घेऊन गेला, समिती गेली की परत देतो म्हणून. तिची फुलं मातीत पडली आणि रानडुकरांनी खाल्ली. ऐन हंगामात हे नुकसान काही कमी नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला फुलांपेक्षा वेगळंच लागलं होतं. जाळी आपली, आणि मिरवणार अन्नपूर्णा!

अध्यक्ष गाडीतून उतरले. विधिमंडळाची समिती ती. महामंडळानं वार्षिक अहवालात लिहिलेलं जागेवर आहे की नाही, ते बघायला आलेली. अध्यक्षांनी अहवाल उघडला.

“यात म्हटलंय की या गावात प्रत्येक घराला मोहाची जाळी दिली. त्यामुळे फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळणं थांबलं आणि वणवे कमी झाले.”

“हो सर. प्रत्येक घराला,” लोकेश म्हणाला.

“छान. ताई, ही जाळी तुमची का?”

अन्नपूर्णानं पदर सारखा केला. “हो साहेब,” म्हणाली आणि वर लाजली. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला.

ते ‘हो’ गिरजाबाईनं कसंबसं गिळलं असतं. ते लाजणं मात्र तिला सोसवलं नाही.

“ते माही जाळी होय!” ती बायांना बाजूला सारत पुढं आली. “साहेब, तिचा फोटो नोका काढू. तिची जाळी थे कोपऱ्यातली, भोकं पडलेली. हे चांगली हाये नं, हे माही होय. माकडानं फाडली तं मीच शिवली. पाहा, माह्या लुगड्याचा काठ लावला हाये.”

“बाई, आता नाही, नंतर बोलू,” लोकेश दबक्या आवाजात म्हणाला.

“नंतर काऊन? फोटो तं आता काढून राह्यले!”

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. जाळीच्या फाटक्या जागेवर खरंच लाल काठ शिवलेला होता. तोवर घोळक्यातल्या डोमाच्या बायकोला धीर आला. “मंग ते मधातली माही होय, साहेब.” तिच्यामागून आणखी दोघी आपापली जाळी दाखवू लागल्या. शेवटी पलीकडच्या वस्तीतली कांता बोलली, “मले तं भेटलीच नाई. आमच्या टोल्यात कोणालेच नाई.”

“गावात एकूण जाळ्या किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“पाच,” गिरजाबाई म्हणाली. “पाचही इथीच हायेत.”

अन्नपूर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून गिरजाबाईला इतकं बरं वाटलं, की मातीत गेलेल्या फुलांचं दुःखही राहिलं नाही. आपण महामंडळाचं पितळ उघडं पाडलं हे तिच्या गावीही नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की धाकटीचा फोटो हुकला.

“लोकेश, पाच घरांचं गाव आहे का हे?”

“सर, उर्वरित पुरवठा प्रक्रियेत आहे.”

“अहवालात तर तो झालेला आहे.” अध्यक्ष आपल्या माणसाकडे वळले. “घ्या लिहून. खात्याच्या सचिवांना समितीपुढं साक्षीला बोलवायचं. आणि पुढच्या हंगामाआधी इथं घरटी एक जाळी पोचली पाहिजे.”

बायांमध्ये आनंदाची कुजबुज झाली. कांतानं तर गिरजाबाईचा हातच धरला. “बाई, तुह्यानं झालं हे!”

गिरजाबाईनं मान ताठ केली. आता फोटो आपलाच, असं समजून ती जाळीशेजारी जाऊन उभीही राहिली. अन्नपूर्णा डोळे पुसत झाडाच्या बुंध्याशी सरकली.

अध्यक्ष गाडीत बसता बसता थांबले. “जाळ्या मिळाल्या की नाही, ते पाहायला पुढच्या वर्षी समिती पुन्हा येईल. कुठं यायचं ते नीट लिहून ठेवा.” त्यांनी बुंध्याकडं हात केला. “हे झाड कुणाचं?”

“माह्यं, साहेब,” अन्नपूर्णा म्हणाली.

“मग लिहा, अन्नपूर्णाबाईंचं झाड. समिती इथंच येईल. याच झाडाखाली.”

गाड्या सुरू झाल्या. कांता अजून हात धरून होती. तो झटकून गिरजाबाई पहिल्या गाडीमागं धावली.

“याच झाडाखाली काऊन, साहेब?” ती ओरडत होती. “ठेवा तुमच्या जाळ्या तुमच्याजवळ! माह्या झाडाखाली या!”