घरचं चॅट

"घरच्या गप्पा परक्या कंपनीच्या हवाली करता? मेंढरं आहात नुसती!" असं सगळ्यांना सुनावून नवऱ्याने आठवडाभर खपून जुन्या लॅपटॉपवर घरचं चॅट उभं केलं. ते म्हणे कंटेनरमध्ये चालतं. कंटेनर म्हणजे काय, हे बायकोने एकदाच विचारलं होतं आणि त्याच्या लांबलचक उत्तरापायी भाजी करपवली होती. वर घराचा फोटो, खाली आडनाव, असा त्याचा थाट होता. सगळ्यांना कंपनीच्या चॅटचा जुनाच पासवर्ड चालला, जुने निरोपही जसेच्या तसे दिसले, तर त्याचंही श्रेय त्याने स्वतःकडेच घेतलं. नणंद तेवढी बधली नाही. "मला आपलं कंपनीचंच बरं," म्हणाली, तर हा सख्ख्या बहिणीशी बोलेनासा झाला.

आज सकाळी त्या कंपनीचं चॅट बंद पडल्याची बातमी आली आणि याला कोण आनंद! लगेच बहिणीला फोन लावला. "पडलीस ना तोंडावर? ये आता मुकाट्याने घरच्या चॅटवर." आणि तिला आत घ्यायला त्याने मोठ्या ऐटीत लॅपटॉप उघडला. घराच्या फोटोखाली कंपनीच्या नावासकट पाटी झळकत होती: ‘आमचा सर्व्हर तात्पुरता बंद आहे.’



"अहो," नणंदेला फोनवर नीट ऐकू जाईल अशा बेताने बायको म्हणाली, "आठवडाभर खपून तुम्ही नुसतं दारच बसवलंत की! घर अजून त्यांचंच आहे."